पाळीव प्राणी प्रवास योजना (युनायटेड किंग्डम)

पाळीव प्राणी प्रवास योजना ही कुत्रा व मांजर यांना (पुढे फेरेट या प्राण्यालाही) परदेशातून युनायटेड किंग्डममध्ये विलगीकरणाशिवाय आणता यावे, यासाठी २८ फेब्रुवारी २००० रोजी सुरू झालेली व्यवस्था होय. तिच्यापूर्वी अशा प्रत्येक प्राण्याला सहा महिने विलगीकरण केंद्रात ठेवावे लागे. योजनेमुळे मालकाने आपला कुत्रा मोटारीत बसवून, फेरीबोटीने इंग्लिश खाडी ओलांडून युरोपात नेणे व परत आणणे प्रथमच सोयीचे झाले. ओळख, लसीकरण आणि ठरावीक मुदती यांच्या नोंदी हा या व्यवस्थेचा पाया आहे.

पार्श्वभूमी

रेबीज (अलर्क रोग) हा मुख्यतः कुत्र्याच्या चाव्यातून माणसाला होणारा विषाणुजन्य रोग आहे. लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात. ब्रिटनमध्ये मोकाट कुत्र्यांवरील नियंत्रण, मुसक्या बांधण्याची सक्ती आणि आयातीवरील निर्बंध यांमुळे १९०२ पर्यंत या रोगाचे उच्चाटन झाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळे १९१८ मध्ये तो पुन्हा शिरला व १९२२ पर्यंत आटोक्यात आला. त्यानंतर सहा महिन्यांचे विलगीकरण हे ब्रिटनचे मुख्य संरक्षण मानले गेले.

या नियमाची झळ मालक आणि प्राणी दोघांनाही बसे. १९६८ साली अभिनेत्री एलिझाबेथ टेलर व अभिनेते रिचर्ड बर्टन यांनी आपल्या लहान कुत्र्यांना विलगीकरणात ठेवावे लागू नये म्हणून लंडनमध्ये थेम्स नदीत एक नौकाच भाड्याने घेऊन त्यांना तिच्यावर ठेवले होते. विलगीकरण पूर्णतः निर्दोषही नव्हते. १९६९ मध्ये जर्मनीहून आणलेल्या एका कुत्र्याला सहा महिने पूर्ण करून सोडल्यानंतर काही दिवसांतच कॅम्बर्ली येथे रेबीज झाला. या घटनेनंतर नियम अधिक कडक झाले व १९७४ मध्ये रेबीज कायदा संमत झाला.

दरम्यान परिणामकारक लसी उपलब्ध झाल्या आणि पश्चिम युरोपातील कोल्ह्यांना आमिषातून लस देण्याच्या मोहिमांमुळे तेथील रेबीज झपाट्याने घटला. प्राध्यापक इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार गटाने १९९८ मध्ये ठरावीक देशांतील प्राण्यांसाठी विलगीकरणाऐवजी लस, रक्तचाचणी व मायक्रोचिप यांवर आधारित पद्धती सुचवली. त्यातून ही योजना उभी राहिली.

नियमांतील बदल

सुरुवातीला मायक्रोचिप, लसीकरण व रक्तचाचणी या क्रमानंतर सहा महिने थांबावे लागे. परतीपूर्वी २४ ते ४८ तासांत गोचीड व पट्टकृमी यांवर उपचार बंधनकारक होते. जुलै २००४ पासून युरोपीय संघाचे सामाईक ‘पाळीव प्राणी पारपत्र’ अमलात आले. १ जानेवारी २०१२ पासून ब्रिटनने आपले नियम संघाशी जुळवून घेतले. संघातील व मान्यताप्राप्त देशांतील प्राण्यांसाठी रक्तचाचणी रद्द होऊन प्रतीक्षेचा काळ २१ दिवसांवर आला. गोचीड-उपचाराची सक्तीही संपली.

ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, ग्रेट ब्रिटनमध्ये दिलेली पारपत्रे युरोपीय संघात प्रवेशासाठी अग्राह्य ठरली. त्यांच्या जागी प्रत्येक फेरीसाठी स्वतंत्र ‘पशू आरोग्य प्रमाणपत्र’ आवश्यक झाले. ते अधिकृत पशुवैद्याकडून संघात प्रवेश करण्यापूर्वीच्या दहा दिवसांत घ्यावे लागते. २०२१ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार त्यावर चार महिने संघात फिरता व परतता येई. संघातील देशात दिलेले पारपत्र मात्र ग्रेट ब्रिटनमध्ये प्रवेश करताना ग्राह्य धरले जाते.

मुख्य अटी

१. मायक्रोचिप: त्वचेखाली बसवलेल्या चिपवरील १५ अंकी क्रमांक ही प्राण्याची ओळख असते.
२. रेबीज लस: पिल्लू किमान १२ आठवड्यांचे असावे लागते. मायक्रोचिप लसीपूर्वी किंवा त्याच वेळी बसवलेली असावी. अन्यथा लस पुन्हा द्यावी लागते, कारण ती नेमक्या कोणत्या प्राण्याला दिली हे सिद्ध होत नाही.
३. प्रतीक्षा: पहिल्या लसीनंतर किमान २१ दिवस. मुदतीत वर्धक मात्रा दिल्यास पुन्हा थांबावे लागत नाही.
४. पट्टकृमी-उपचार: ही अट केवळ कुत्र्यांना आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्याने प्राझिक्वान्टेल किंवा तितकेच परिणामकारक औषध देऊन दिनांक व वेळ नोंदवावी लागते.

चौथी अट ‘एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस’ या पट्टकृमीसाठी आहे. मध्य युरोपातील कोल्ह्यांत आढळणारा हा कृमी माणसाच्या यकृतात गंभीर आजार निर्माण करतो. ब्रिटन त्यापासून मुक्त आहे. आयर्लंड, फिनलंड, माल्टा व नॉर्वे येथून थेट येणाऱ्या कुत्र्यांना हा उपचार लागत नाही.

परतीच्या वेळेचे गणित उलट दिशेने करावे लागते. फेरीबोट रविवारी सायंकाळी ६ वाजता पोहोचणार असेल, तर उपचार मंगळवारी सायंकाळी ६ ते शनिवारी सायंकाळी ६ या काळातच झालेला असला पाहिजे. सहल चार-पाच दिवसांचीच असल्यास हा उपचार निघण्यापूर्वी ब्रिटनमध्येच करून घेता येतो. मात्र तेव्हाही परतीच्या प्रवेशाची वेळ या मर्यादेत बसावी लागते.

मोटार व फेरीबोटीने प्रवास

डोव्हर–कॅले हा सर्वांत वर्दळीचा जलमार्ग असून फेरीबोटीला सुमारे दीड तास लागतो. ब्रिटनकडे परतताना तपासणी बहुधा बोटीत चढण्यापूर्वीच, कॅले बंदरात होते. वाहतूक कंपनीचे कर्मचारी मायक्रोचिप वाचून क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहतात. नोंदीत त्रुटी आढळल्यास प्राण्याला बोटीत घेतले जात नाही. पट्टकृमी-उपचार राहिला असल्यास स्थानिक पशुवैद्याकडून तो करून पुढील २४ तास थांबावे लागते. अटी पूर्ण न करता ब्रिटनमध्ये पोहोचलेल्या प्राण्याला मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवले जाते किंवा परत पाठवले जाते.

खाडीवरील छोट्या जलमार्गांवर कुत्रा सामान्यतः मोटारीतच राहतो व बोट चालू असताना मालकाला वाहनांच्या मजल्यावर जाता येत नाही. त्यामुळे पिंजऱ्यात पाणी ठेवणे, खिडक्या किंचित उघड्या ठेवणे आणि मोटारीची धोकासूचक घंटा बंद करणे आवश्यक असते. पोर्ट्समथ–सँतांदेर यांसारख्या लांब मार्गांवर प्राण्यांसह राहण्याच्या खोल्या मिळतात; त्यांची संख्या कमी असल्याने त्या आधी राखून ठेवाव्या लागतात. खाडीखालील बोगद्यातून मोटारी नेणाऱ्या रेल्वेत सुमारे ३५ मिनिटांचा प्रवास मालक व कुत्रा एकाच मोटारीत बसून करतात.

लहान कुत्र्याला मोटारीत मांडीवर बसवणे धोक्याचे असते. ब्रिटनच्या महामार्ग संहितेनुसार कुत्र्याला पट्टा, पिंजरा किंवा जाळीच्या साहाय्याने सुरक्षित ठेवणे अपेक्षित आहे. पग, पेकिनीज, शिह त्झू अशा आखूड नाकाच्या जातींना उष्णता लवकर बाधते, कारण त्यांना धापा टाकून शरीर पुरेसे थंड करता येत नाही. ग्रेट ब्रिटनमधून युरोपीय संघात जाताना मांस किंवा दूध असलेले खाद्य सोबत नेण्यास मनाई आहे. त्यामुळे सवयीचे खाद्य तिकडे मिळते का, हे आधी पाहावे लागते.

भारतातून जाणारे कुत्रे

भारत ब्रिटन व युरोपीय संघ यांच्या मान्यताप्राप्त देशांच्या यादीत नाही. म्हणून मुंबई-पुण्याहून नोकरीनिमित्त स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाच्या कुत्र्याला अधिक कडक अटी लागू होतात. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा लागतो व त्यात प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबल्यानंतरच प्रवेश मिळतो. परिणामी तयारीला किमान चार महिने लागतात. विमानाने थेट ब्रिटनमध्ये जाणारा कुत्रा मालवाहतुकीतूनच पाठवावा लागतो. त्यामुळे काही जण पॅरिस किंवा ॲम्स्टरडॅमपर्यंत विमानाने जाऊन पुढचा टप्पा मोटार व फेरीबोटीने पूर्ण करतात. अशा वेळी युरोपीय संघाच्या व ब्रिटनच्या अशा दोन्ही अटी पाळाव्या लागतात.

टीका

नियम सैल झाल्यावर लहान वयाच्या पिल्लांची विक्रीसाठी चोरटी आयात वाढली, असा आक्षेप प्राणिकल्याण संस्थांनी घेतला आहे. गोचीड-उपचाराची सक्ती उठवण्यावरही पशुवैद्यांनी टीका केली. २०१६ च्या सुमारास इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, परदेशी कधीही न गेलेल्या कुत्र्यांना गोचिडांमुळे होणारा बॅबेसिओसिस हा रोग झाल्याचे आढळले. दुसरीकडे, प्रत्येक फेरीसाठी लागणाऱ्या नव्या प्रमाणपत्राचा खर्च मालकांना जाचक वाटतो. मे २०२५ मध्ये युरोपीय संघाशी झालेल्या समझोत्यानंतर पुन्हा पारपत्राची पद्धत आणण्याचा मानस ब्रिटिश सरकारने जाहीर केला.

हेही पाहा

रेबीज • इंग्लिश खाडी • ब्रेक्झिट • विलगीकरण