मीटर गेज, लाल झेंडी आणि डोळ्यांची परीक्षा

इंदूरच्या मराठी घरांतून आगगाडीचा विषय निघाला की बोलणे हमखास मीटर गेजवर येऊन थांबते. १८७० साली महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, तेही १०१ वर्षांच्या मुदतीने, कर्जाऊ दिले आणि ते दशक संपण्यापूर्वी खंडवा ते इंदूर हा होळकर स्टेट रेल्वेचा मार्ग वाहता झाला. पुढे जयपूरहून निघणारी मीनाक्षी एक्स्प्रेस रतलाम, इंदूर, खंडवा, अकोला, पूर्णा अशी दक्षिणेकडे जाऊ लागली. वऱ्हाडातल्या आणि मराठवाड्यातल्या सोयरिकी इंदुरात टिकल्या त्या बऱ्याच अंशी या गाडीच्या आधारावर, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये. कालाकुंडला घाट चढण्यासाठी मागून दुसरे इंजिन जोडले जाई, तेवढ्या अवकाशात पळसाच्या पानांतला कलाकंद खिडकीतून आत येई आणि मग पातालपाणीपर्यंत चाळीस फुटांना एक फूट असा तो चढ, बोगदे आणि धूर. या मार्गावरची नियमित मीटर गेज गाडी २०२३ च्या आरंभी बंद झाली. पातालपाणी–कालाकुंड दरम्यान २०१८ च्या नाताळात सुरू झालेली वारसा गाडी तेवढी त्या काळाची खूण म्हणून उरली.

ही सारी आठवण खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याची आहे. मी व्यवसायाने नेत्रतज्ज्ञ. त्यामुळे इंजिनात उभ्या असलेल्या आणि रुळावर वाकलेल्या माणसांशी माझा संबंध आला तो त्यांच्या डोळ्यांमुळे. रेल्वेची सुरक्षितता म्हणजे लोखंड, वीज आणि यंत्रे असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिचा फार मोठा भाग माणसाच्या डोळ्यांवर, कानांवर आणि झोपेवर उभा आहे. ज्यांच्या शरीरावर ही भिस्त आहे, त्यांचीच सुरक्षितता मात्र सर्वांत शेवटी विचारात घेतली गेली, असे माझे मत झाले आहे.

वाफेच्या इंजिनापासूनच आरंभ करू. वायपी जातीच्या मीटर गेज इंजिनाच्या बॉयलरमध्ये दर चौरस इंचाला २१० पौंड दाबाची वाफ कोंडलेली असे. भट्टीच्या वरच्या पत्र्यावर पाणी सतत असावे लागे. ते खाली उतरले तर पत्रा तापून मऊ पडे आणि स्फोट होई. त्यासाठी त्या पत्र्यात शिशाची एक डाट बसवलेली असे. पाणी आटले की शिसे वितळे, वाफ भट्टीत शिरे आणि आग दबली जाऊन चालकाला इशारा मिळे. किती साधी आणि किती शहाणी योजना! पण भट्टीसमोर उभ्या असलेल्या फायरमनच्या डोळ्यांसाठी अशी कोणतीही डाट नव्हती. रात्री कोळसा टाकण्यास भट्टीचे दार उघडले की लखलखाट होई. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांतील रोडॉप्सिन त्या क्षणी विरून जाते आणि ते पूर्ववत होण्यास अर्धा तासही लागू शकतो. म्हणजे दार मिटल्यावर पुढचा सिग्नल शोधणारी नजर काही काळ निम्मी आंधळीच. म्हणून जुने चालक दार उघडताच तोंड बाहेर फिरवीत. बाहेर तोंड काढले की वाऱ्याबरोबर कोळशाचे कण येत. हा कण आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांत बालपणी गेला असेल आणि आईने पदराच्या टोकाने तो काढलाही असेल. प्रवाशाला तो वर्षातून एकदा भेटे, चालकाला रोज. बुबुळावर जुन्या कणांचे अनेक बारीक व्रण असलेले चालक मी तपासले आहेत.

एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून नील यांचा टोकनचा गोळा वापरला जाई. तो धातूचा गोळा हाती असल्याखेरीज चालकाने पुढच्या स्थानकाकडे निघायचे नाही, आणि यंत्रातून एका वेळी एकच गोळा बाहेर येणार, असा पक्का नियम. न थांबणाऱ्या गाडीत हा गोळा वेताच्या मोठ्या कड्याला अडकवलेल्या चामडी पिशवीतून दिला-घेतला जाई. धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून कडे झेलणे प्रवाशांना कसरत वाटे. अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना मात्र त्या झेलणाऱ्या खांद्याची आणि मनगटाची कल्पना सहज येईल.

आता रंगांकडे वळू. रंगांधत्वाचे पहिले शास्त्रीय वर्णन रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःच्याच दृष्टीविषयी केले. आपल्या डोळ्यातील द्रव निळा असावा, अशी त्यांची कल्पना होती आणि मृत्यूनंतर डोळे तपासावेत अशी त्यांची इच्छा होती. १८४४ मध्ये तपासले तेव्हा द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्यातील जनुकांची तपासणी १९९५ मध्ये झाली आणि हिरव्या रंगाची जाणीव देणारे रंजकद्रव्यच त्यांना नव्हते हे सिद्ध झाले. रेल्वेचा या विषयाशी संबंध आला तो स्वीडनमध्ये. १८७५ च्या नोव्हेंबरात लागरलुंडा येथे दोन गाड्या एकमेकींवर आदळून नऊ माणसे गेली. उप्साला येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रिथियोफ होल्मग्रेन यांनी रंगांधत्व हे कारण असावे असा तर्क मांडला आणि रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावणारी सोपी चाचणी तयार केली. त्या अपघाताचे खरे कारण रंगांधत्व होते काय, याविषयी अलीकडच्या संशोधकांनी शंका घेतली आहे. तरी त्या तर्कामुळे जगभरच्या रेल्वेत रंगदृष्टीची तपासणी आली, एवढे खरे. पुढे १९१७ मध्ये जपानचे इशिहारा यांनी ठिपक्यांचे तक्ते प्रसिद्ध केले आणि आपल्याकडे रेल्वेत एड्रिज-ग्रीन कंदीलही रुळला.

लाल-हिरव्याचा हा दोष क्ष गुणसूत्रावरून येतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. भारतातील पाहण्यांत ते त्याहून कमी आढळते. त्यासाठीच सिग्नलचा हिरवा रंग निळसर ठेवलेला असतो. जुन्या सिग्नलची हिरवी काच दिवसा चक्क निळी दिसे, कारण मागे रॉकेलच्या दिव्याचा पिवळा उजेड धरलेला असे आणि दोन्ही मिळून हिरवा होई. हा निळसरपणा लक्षात ठेवावा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

भारतीय रेल्वेच्या वैद्यकीय नियमावलीत कर्मचाऱ्यांच्या दृष्टीच्या तीन श्रेणी आहेत आणि त्यांमागचा विचार मला फार मार्मिक वाटतो. 'अ' श्रेणीची तपासणी जनतेच्या सुरक्षिततेसाठी, 'ब' श्रेणीची त्या कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या किंवा सोबत्यांच्या सुरक्षिततेसाठी आणि 'क' श्रेणीची केवळ प्रशासनाच्या सोयीसाठी. इंजिनचालक अ-१ मध्ये येतो. भरतीच्या वेळी त्याला चष्म्याविना दोन्ही डोळ्यांनी ६/६ दिसले पाहिजे. शिवाय अधिक दोन क्रमांकाचे भिंग डोळ्यापुढे धरल्यावर ते दिसता कामा नये, नाहीतर आज लपलेला दूरदृष्टीचा दोष उद्या उघडा पडेल. रुळाची देखभाल करणारा गँगमन 'ब' श्रेणीत येतो.

चालकांची ही तपासणी वयानुसार ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा होते. त्यामुळे तपासणीच्या आधी महिनाभर खासगी नेत्रतज्ज्ञाकडे गुपचूप येणारे चालक मी पुष्कळ पाहिले. इशिहाराचे तक्ते क्रमाने पाठ करून आलेलेही पाहिले. पाने उलटसुलट चाळली की त्यांचा चेहरा उतरे. १९९२ च्या हिवाळ्यात मीटर गेजचे एक अनुभवी चालक आले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू मध्यभागी पिवळट होऊ लागला होता. ते स्वतःच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लाल नीट दिसतो. हिरवाच जरा उशिरा दिसतो." पिवळावलेले नेत्रभिंग निळा प्रकाश गिळते आणि सिग्नलचा हिरवा निळसर असतो, हे त्यांना ठाऊक नसता त्यांनी अचूक निदान केले होते. मी तपासणीत स्वतःहून सांगण्याचा सल्ला दिला तेव्हा ते हसले. "अहो, एकोणतीस वर्षे हाच मार्ग. प्रत्येक सिग्नल मला पाठ आहे. डोळे मिटून सांगतो कुठे आहे ते."

मी विचारले, "आणि गँगची लाल झेंडी? तीही पाठ आहे?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती रोज वेगळ्या ठिकाणी असते."

पुढच्या आठवड्यात ते आपणहून रेल्वेच्या डॉक्टरांकडे गेले. इंजिन सुटले, मैलावर मिळणारा भत्ता सुटला आणि काही महिन्यांनी कार्यालयातले काम मिळाले. डोळ्याची शस्त्रक्रिया नंतर मीच केली. अशा माणसाचे पद व वेतन राखण्याची कायदेशीर तरतूद १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने आली आणि २०१६ च्या कायद्याने ती पुढे चालू ठेवली. तोवर खरे सांगण्याची किंमत चालकाच्या घराने मोजायची, अशीच रीत होती. आजार लपवण्याला आपण सहज अप्रामाणिकपणा म्हणतो, पण त्या घरातला जमाखर्च आपण पाहिलेला नसतो.

ती लाल झेंडी म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. रूळ काढून काम करायचे असेल तर गँगने ब्रॉड गेजवर कामाच्या जागेपासून ६०० मीटरवर मार्गाला आडवी लाल पट्टी बांधायची आणि १२०० मीटरवर रुळावर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके ठेवायचे. मीटर गेजला हीच अंतरे ४०० आणि ८०० मीटर. चाकाखाली फटाका वाजला की डोळे मिटलेल्या चालकालाही कळावे, हा हेतू. धुक्यात हेच फटाके सिग्नलच्या अलीकडे ठेवले जातात. तिथे डोळ्याचे काम कान करतो. पण ही व्यवस्था रूळ मोकळा नसेल तेव्हाची. गाड्या चालू असताना खडी सारणारा, चाव्या ठोकत आपल्या हद्दीत रोज एकटा फिरणारा कीमन, यांच्यासाठी पुढे झेंडी बहुधा नसते. त्यांनी गाडी ओळखून स्वतःच बाजूला व्हायचे असते.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा आढावा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्युमुखी पडल्याचे त्यात नोंदले आहे. जखमी त्याच्या पाचपटीहून अधिक. याच काळात गाड्यांच्या अपघातांत गेलेल्यांची संख्या सुमारे एक हजार होती. वर्तमानपत्रांत मथळे कोणाचे आले, हे सांगायला नको.

सरावलेला माणूस बाजूला का होत नाही? याचे उत्तर अंशतः आपल्या शास्त्रात आहे. समोरून सरळ येणाऱ्या वस्तूचा वेग डोळा तिच्या प्रतिमेच्या वाढीवरून ताडतो. दूर असताना ती वाढ नगण्य असते आणि अखेरच्या काही सेकंदांत एकदम होते. शिवाय मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा संथ भासते. ताशी ११० किलोमीटरची गाडी ६०० मीटर अवघ्या वीस सेकंदांत कापते. त्यातले पहिले दहा माणसाला 'अजून लांब आहे' असे वाटण्यात जातात. दुहेरी मार्गावर एका गाडीपासून बाजूला होताना दुसऱ्या रुळावर पाय पडतो आणि पहिलीच्या आवाजात दुसरी ऐकू येत नाही. वाफेचे इंजिन मैलभरावरून आपली वर्दी देत असे. विजेचे इंजिन तुलनेने निःशब्द येते. प्रवाशांना झालेले सुख रुळावरच्या माणसाला असे महाग पडले. आता काही मार्गांवर 'रक्षक' नावाची, गाडी जवळ आल्याचा इशारा अंगावरच्या यंत्रातून देणारी व्यवस्था आली आहे. ती प्रत्येक गँगपर्यंत पोचणे आवश्यक आहे.

कानांची गोष्ट तर जुनीच आहे. बॉयलर ठोकणाऱ्या कामगारांच्या बहिरेपणाची पद्धतशीर पाहणी ग्लासगोच्या थॉमस बार यांनी १८८६ मध्येच केली होती. कानात मळ साचल्याने किंवा वर्षानुवर्षांच्या आवाजाने ज्याचे ऐकणे उणे झाले आहे, असा कीमन चाळिशीत आपल्यापैकी कोणाच्या तरी दवाखान्यात येतो, आणि सर्दीचे औषध घेऊन जातो.

म्हणून आपल्या मंडळातील सहकाऱ्यांना एक व्यावहारिक विनंती. रेल्वेत काम करणारा रुग्ण आला तर तो इंजिनात, यार्डात की रुळावर आहे, हे विचारावे. रुळावरच्या माणसाला क्लोरफेनिरामिनसारखे झोप आणणारे औषध दिवसपाळीत देऊ नये. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल तर त्याच्या जेवणाच्या वेळा खरोखर विचाराव्यात, कारण डबा गँगच्या सामानात असतो आणि तो स्वतः त्यापासून दोन किलोमीटर दूर असू शकतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर त्या दिवशी कामावर जाऊ नये, असे चिठ्ठीवर लिहून द्यावे. केवळ तोंडी सांगितले तर त्याची रजा मंजूर होत नाही.