जुनी ‘टर्बो’ गाडी घाटात का अडते?

अष्टविनायकांपैकी लेण्याद्रीचा गिरिजात्मज हा डोंगरातील लेण्यात वसलेला एकमेव गणपती. सुमारे तीनशे पायऱ्या चढून दर्शन घ्यायचे, तोवर गाडी पायथ्याशी उभी. परतल्यावर ती सुरूच झाली नाही, तर पुढची सारी यात्रा खोळंबते. १९९८ मध्ये आलेली सफारी किंवा २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ अशा टर्बो डिझेल गाड्या आजही अनेक कुटुंबांकडे आहेत. त्यांच्या तक्रारींची कारणे क्रमाने शोधली, तर पुष्कळ खर्च वाचतो.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि जादा हवा इंजिनात दाबून भरते. हे चाक ऑईलच्या पातळ थरावर फिरते. म्हणूनच जुन्या टर्बोचे आरोग्य ऑईलवर अवलंबून असते.

गाडी सुरूच होत नसेल तर

सेल्फ मारल्यावर इंजिन मंद फिरत असेल, तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल्स पाहावीत. इंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर डिझेल पोहोचते का, हे तपासावे. फिल्टर तुंबणे, त्यात पाणी साचणे किंवा नळीत हवा शिरणे ही नेहमीची कारणे. जुन्नर परिसरातील थंडीच्या पहाटेच तक्रार उद्भवत असेल आणि पांढरा धूर येत असेल, तर संशय हीटर प्लगवर घ्यावा. कॉमन रेल इंजिनात सेन्सर बिघडूनही गाडी अडते. मात्र त्यातील इंधनाचा दाब प्रचंड असल्याने त्याच्या नळ्या स्वतः कधीही सैल करू नयेत.

चढावर दम लागत असेल तर

माळशेज घाटात पिकअप जाऊन काळा धूर येऊ लागला, तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे, असे समजावे. एअर फिल्टर आणि टर्बोपासून इंजिनाकडे जाणारे रबरी पाइप पाहावेत. पाइपला चीर असल्यास फुसफुस ऐकू येते. केवळ एका पाइपपायी टर्बो बदलल्याची उदाहरणे कमी नाहीत.

निळा धूर म्हणजे ऑईल जळत असल्याची खूण. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

धोक्याची वेळ

टर्बोचे सील फुटल्यास डिझेल इंजिन स्वतःचेच ऑईल जाळत बेफाम फिरू लागते. किल्ली काढली तरी थांबत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन दबून बंद पडते. ते न साधल्यास सर्वांनी गाडीपासून दूर व्हावे. म्हणून निळ्या धुराकडे दुर्लक्ष करून यात्रेला निघणे योग्य नव्हे.

घाटमाथ्यावर धुके पाहण्यासाठी थांबताच इंजिन बंद करू नये. ऑईलचा प्रवाह थांबला, की तापलेल्या टर्बोतील ऑईल करपते. मिनिटभर इंजिन सुरू ठेवावे. निघण्यापूर्वी ऑईल, कूलंट, बॅटरी आणि दोन्ही फिल्टर पाहिले, तर वाटेतील बहुतेक अडचणी घरीच मिटतात.