मुलाचे प्रगतिपुस्तक

सहामाही परीक्षा झाली की मूल घरी एक लहानसे पुस्तक आणते. चार-सहा पानांचेच असते. त्याला प्रगतिपुस्तक म्हणतात. मूल म्हणते, "आई, सही कर." आई चुलीपुढे असते. ती म्हणते, "बाबांकडे ने." बाप विचारतो, "पास का नापास?" मूल म्हणते, "पास." झाले! सही होते, नाहीतर अंगठा उठतो, आणि पुस्तक दप्तरात जाते. आत काय लिहिले आहे ते कुणी पाहत नाही.

यावरून एक गोष्ट आठवते. तिच्यात आमचीही चूक आहे, म्हणूनच सांगतो.

आम्ही मुख्याध्यापक असताना चौथीत एक मुलगा होता. तोंडी हिशेब झटपट करी. पाढे घडाघडा म्हणे. पण लेखी कामात मागे. वर्गाच्या बाईंनी त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिले, 'फळ्यावरचे उतरवून घेताना फार चुका होतात.' दुसऱ्या सत्रातही तेच लिहिले. दोन्ही वेळा खाली पालकाचा अंगठा होता. शेजारी आमची सही होती.

पाचवीला नवे गुरुजी आले. त्यांनी ते पुस्तक आमच्यापुढे धरले. म्हणाले, "सर, हा अंगठा पाहा. केवढासा आहे!" अंगठा मुलाचाच होता. बापाच्या माराला भिऊन पोराने तो स्वतःच उठवला होता.

गुरुजी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आईला एकेक ओळ वाचून दाखवली. ती ऐकून म्हणाली, "गुरुजी, ह्याला लांबून येणारा बापबी ओळखू येत नाही. जवळ आल्यावर म्हणतो, बाबा आले." मग उलगडा झाला. पोराला फळा दिसतच नव्हता! सरकारी दवाखान्यात डोळे तपासले. चष्मा लागला. पोर मार्गी लागले.

वर्षभर ते 'मठ्ठ' म्हणून बोलणी खात होते. बाईंनी लिहिले होते, पण घरी वाचणारे कुणी नव्हते. आणि आम्ही वाचूनही विचारले नाही.

तेव्हा मंडळी, प्रगतिपुस्तक म्हणजे गुरुजींनी आपल्याला लिहिलेले पत्र आहे. ते कसे वाचायचे, पाहू.

आधी हजेरी पाहा. 'कामाचे दिवस' म्हणजे शाळा भरली ते दिवस. 'हजर दिवस' म्हणजे मूल गेले ते दिवस. पहिली ते पाचवीची शाळा वर्षात निदान २०० दिवस आणि सहावी ते आठवीची २२० दिवस भरावी, असे २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा सांगतो. समजा, शाळा १०० दिवस भरली आणि मुलगी ६२ दिवस गेली. मग ३८ दिवस ती कुठे होती? धाकट्याला सांभाळायला? कापूस वेचायला? तसे असेल तर ती चूक मुलीची नाही, आपली आहे.

मग श्रेणी पाहा. आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी ही रीत २०१० साली आली. शंभरापैकी ९१ किंवा त्याहून जास्त गुण असले तर 'अ-१'. ८१ ते ९० ला 'अ-२'. ७१ ते ८० ला 'ब-१', ६१ ते ७० ला 'ब-२'. ५१ ते ६० ला 'क-१', ४१ ते ५० ला 'क-२'. ३३ ते ४० ला 'ड'. त्याखाली 'इ-१' आणि 'इ-२'. 'ड' च्या खाली श्रेणी आली तर मुलाला मारू नका. अशा मुलाला शाळेने जादा शिकवायचे असते. ते कधी शिकवणार, एवढे गुरुजींना विचारा.

'आकारिक' आणि 'संकलित' असे दोन शब्दही दिसतील. वर्षभर वर्गात केलेले काम, म्हणजे तोंडी काम, प्रयोग, गृहपाठ वगैरे, ते आकारिक. सत्राच्या शेवटी परीक्षा होते, ते संकलित. पहिली-दुसरीला १०० पैकी ७० गुण आकारिकचे धरतात. सातवी-आठवीला ते ४० होतात आणि परीक्षेचे ६०. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री पोराला जागवून भागत नाही. रोज शाळेत जाणे हेच खरे.

पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा २०२३-२४ सालापासून पुन्हा सुरू झाली. मूल तीत नापास झाले तर पुन्हा एकदा परीक्षा देता येते. ती कधी आहे, हे शाळेत विचारून घ्या.

शेवटी नोंदी वाचा. हे सर्वांत महत्त्वाचे. 'विशेष प्रगती', 'आवड' आणि 'सुधारणा आवश्यक' अशा जागी गुरुजी दोन शब्द लिहितात. 'चित्रे छान काढते', 'वर्गात बोलत नाही', 'डबा आणत नाही', असे काहीही असेल. आकडा सांगतो मूल किती मागे आहे. का मागे आहे, ते बहुधा नोंदीतून कळते. वाचता येत नसेल तर शेजारच्याकडून वाचून घ्या. मुलाकडून मात्र नको. त्याला भीती वाटते.

पत्र आले की उत्तर द्यावे, ही आपली रीत. पालकसभेला जा. आणि गुरुजींनी किंवा बाईंनी आपल्या पोरासाठी जीव टाकला असेल, तर तसे तोंडाने सांगा. तक्रार घेऊन शाळेत पुष्कळ लोक येतात. आमच्या सगळ्या नोकरीत आभार मानायला आलेली माणसे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. नारळ नको, शाल नको. "तुमच्यामुळे पोरगं वाचायला लागलं," एवढे पुरे. ते शिक्षकाला वर्षभर पुरते.

त्या मुलाची आई गुरुजींना द्यायला ओंजळभर शेंगा घेऊन आली होती. गुरुजी म्हणाले, "ताई, शेंगा पोराला द्या. मला तुमची सही द्या." ती रात्रीच्या वर्गाला जाऊ लागली. पुढच्या प्रगतिपुस्तकावर अंगठा नव्हता. वाकड्यातिकड्या अक्षरांत तिचे नाव होते, आणि खाली एक ओळ होती: 'गुरुजी, पोराला फळा दिसतो.'

ती ओळ आम्ही दोनदा वाचली. मग खाली आमची सही केली.