छताचा गिलावा : झाकण्याआधी पारख हवी

घराचे नूतनीकरण करावयाचे ठरले, की घरात चर्चा सुरू होते ती फरशीची, स्वयंपाकघरातील ओट्याची आणि भिंतींच्या रंगांची. छताची आठवण होते ती सर्वांत शेवटी. जुन्या सदनिकांमध्ये छताला खरखरीत वाळूचा गिलावा केलेला असतो, कोठे रोलरने उठवलेले दाणे असतात, तर कोठे कंगव्यासारख्या हत्याराने ओढलेल्या कमानी. कधीकाळी हौसेने करून घेतलेल्या या नक्षीत धूळ व जळमटे साचतात, रंग देताना दुप्पट रंग लागतो आणि खोली उगाचच अंधारी वाटते. मग असे छत गुळगुळीत करून घेण्याचा विचार पुढे येतो, आणि ‘दोन दिवसांत पीओपी मारून देतो’ असे सांगणारा कारागीरही लगेच भेटतो.

काम दोन दिवसांत होतेही. प्रश्न असतो तो त्यानंतरच्या दोन-तीन पावसाळ्यांचा. भिंतीवरचा सुटलेला गिलावा सरकत खाली येतो. छताचा मात्र थेट डोक्यावर पडतो. सिमेंटच्या गिलाव्याचे वजन एका घनमीटरला साधारण दोन टन धरले, तर दहा बाय बारा फुटांच्या खोलीच्या छतावर सहा मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे सुमारे १३५ किलो भार झाला. खाचखळगे भरून काढण्याच्या नादात हीच जाडी वीस मिलिमीटरवर गेली, तर तो साडेचारशे किलोच्या आसपास जातो. हा सारा भार केवळ पकडीच्या बळावर लटकत असतो. म्हणूनच सरकारी बांधकामांत छताच्या सिमेंट गिलाव्याची जाडी सहसा सहा मिलिमीटर इतकीच ठेवण्याची पद्धत आहे.

आधी परीक्षा

नवा थर देण्यापूर्वी जुने छत ठोकून पाहणे ही पहिली पायरी. हातोडीच्या लाकडी दांड्याने वीतभर अंतरावर हलकेच ठोकत जावे. पक्क्या जागी खणखणीत आवाज येतो; गिलावा स्लॅबपासून सुटलेला असेल तेथे तो बद्द येतो. अशा जागांभोवती खडूने रेघ ओढावी आणि तेवढा भाग छन्नीने पूर्ण काढून टाकावा. सुटलेल्या गिलाव्यावर कितीही चांगला नवा थर दिला, तरी तो जुन्यासह खाली येणार.

दुसरी परीक्षा ओलीची. पिवळसर डाग दिसत असेल, तर तेथे प्लास्टिकचा पारदर्शक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. कागदाच्या छताकडील बाजूवर पाण्याचे बिंदू जमले, तर ओल स्लॅबमधून येत आहे. गच्चीची गळती किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची दुरुस्ती होऊन छत कोरडे होईपर्यंत गिलाव्याच्या कामाला हात लावू नये.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा गंजाची. तपकिरी ओघळ, एका रेषेत समांतर गेलेल्या भेगा किंवा फुगवटा दिसल्यास दोष गिलाव्यात नसून स्लॅबमध्ये आहे, असे समजावे. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असल्याने आतील पोलादी सळयांचे रक्षण करते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड आणि ओल हळूहळू आत शिरली, की ही अल्कता कमी होते व सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्या दाबाने सळईखालचे काँक्रीट फुटते. मुंबई, ठाणे, रत्नागिरी अशा सागरी पट्ट्यात खाऱ्या हवेमुळे ही प्रक्रिया अधिक वेगाने होते. अशा ठिकाणी सैल काँक्रीट काढून, सळई मागच्या बाजूनेही घासून स्वच्छ करून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमरयुक्त मिश्रणाने थराथराने भरणी करावी लागते. सळई झिजून बारीक झाली असेल, तर संरचना अभियंत्याचा सल्ला अपरिहार्य ठरतो. पंख्याचा हूकही याच वेळी तपासून घ्यावा. तो गंजलेला असेल, तर त्याभोवती पीओपीचे सुंदर फूल काढून घेण्यात काहीच अर्थ नाही.

पकड हेच मर्म

छत सुदृढ असल्याची खात्री पटल्यावर नक्षीकडे वळावे. उंचवटे पत्र्याने किंवा पटाशीने खरवडून खाली आणावेत. ते जितके कमी होतील, तितका नवा थर पातळ राहील. चुन्याची सफेदी असल्यास ती भिजवून पूर्णपणे खरवडणे आवश्यक आहे, कारण चुन्याच्या भुकटीवर कोणताही थर टिकत नाही. तेलरंग गुळगुळीत असतो. त्यावर घासून ओरखडे पाडावेत, शक्य तेथे तो काढूनच टाकावा. उघड्या पडलेल्या गुळगुळीत काँक्रीटवर जवळजवळ टाचे मारावेत. त्यानंतर ब्रशने धूळ झाडून, पकड वाढवणारे द्रव्य उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे लावावे. या तयारीलाच निम्मा वेळ जातो आणि कंत्राटदार नेमकी हीच काटछाट करतो.

सिमेंट की जिप्सम?

जिप्सम हे कॅल्शियम सल्फेटचे खनिज. ते सुमारे दीडशे अंश सेल्सिअसला तापवले, की त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पुन्हा पाणी मिसळताच ते घट्ट होऊन मूळ रूपात येते. म्हणूनच या गिलाव्यावर सिमेंटप्रमाणे कित्येक दिवस पाणी मारावे लागत नाही. तो हलका असतो व वाळताना फारसा आकसत नाही; छताच्या सफाईसाठी हे गुण मोलाचे आहेत. मात्र जिप्सम पाण्यात थोडेसे विरघळते. त्यामुळे न्हाणीघर, सज्जा किंवा गळका वरचा मजला येथे त्याचा उपयोग करू नये.

येथे एक नियम विसरू नये. जिप्समच्या थरावर सिमेंटचा गिलावा कधीही देऊ नये. ओल मिळाली, की जिप्सममधील सल्फेट व सिमेंट यांच्यात प्रक्रिया होऊन नवे फुगीर स्फटिक तयार होतात आणि थर सुटतो. सिमेंटच्या कोरड्या थरावर जिप्सम मात्र चालते.

पीओपी कालवतानाही दक्षता हवी. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पुन्हा पाणी घालून ते सैल करणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. असा थर ठिसूळ राहतो. घमेल्यात आधीचे वाळलेले पीओपी चिकटलेले असेल, तर नवे मिश्रण अवेळी आवळते. म्हणून थोडे थोडे कालवावे आणि भांडे दर वेळी धुवावे.

राहिलेले दोष

पहिला हात वाळला, की खोलीत अंधार करून विजेरी छताला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकावा. दिवसा न दिसणारे सारे चढउतार त्यांच्या सावल्यांमुळे उघडे पडतात. दोन मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी फिरवूनही ते पाहता येतात. प्रत्येक दोष पेन्सिलीने खुणावून त्याचे कारण ओळखावे, मग उपाय करावा.

खळगा असल्यास लांबी भरताना ती खळग्याच्या कडेबाहेर हात-दीड हात पसरवून पातळ करत न्यावी. नेमकी खळग्यापुरती भरली, तर ठिगळ दिसते. फुगा आला असेल, तर वरून लांबी लावण्यात अर्थ नाही. तेथे पकडच बसलेली नसते. फुगा कापून, जागा स्वच्छ करून पुन्हा भरावे. केसासारख्या बारीक भेगा थर जाड झाल्याने किंवा फार लवकर सुकल्याने पडतात. त्या पातळ लांबीने बुजतात. तुळई व स्लॅब यांच्या सांध्यावरील भेग मात्र परत परत उघडते. ती इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात कोरून भरावी आणि तिच्यावर तंतूंची जाळीदार पट्टी बसवून मगच हात फिरवावा. भेग वाढते आहे की स्थिर आहे, हे कळण्यासाठी तिच्या टोकांशी पेन्सिलीने तारीख लिहून एक पावसाळा जाऊ द्यावा. जुना पिवळा डाग ओल थांबल्यानंतरही पाण्यात मिसळायच्या रंगातून वर येतो. त्यावर आधी डाग रोखणारा तेलाधारित प्रायमर द्यावा.

धुळीची दक्षता

घासकामाची धूळ निरुपद्रवी नसते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी करणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगांच्या थरांत शिसे असू शकते आणि लहान मुलांना ते विशेष घातक असते. जुना रंग कोरडा न घासता ओला करून खरवडावा, मुखपट्टी वापरावी आणि मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. तेथील ‘आर्टेक्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नक्षीदार छतांमध्ये अनेक वर्षे पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस मिसळले जात असे. त्यावर तेथे १९९९ मध्ये बंदी आली. अशा जुन्या छताची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतल्याशिवाय ते खरवडणे धोक्याचे आहे.

खर्च कोणाचा?

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने सर्वांत वरच्या मजल्यावरील छत वा त्याचा गिलावा खराब झाल्यास दुरुस्तीची जबाबदारी संस्थेची असते. वरच्या सदनिकेतील न्हाणीघर किंवा मोरीतून होणारी गळती त्या सदस्याने निस्तरावयाची असते. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी करून घेण्याची तरतूदही या उपविधींत आहे. त्या परीक्षणासाठी येणाऱ्या अभियंत्याला आपल्या सदनिकेचे छत आवर्जून दाखवावे. नवा गिलावा किंवा फॉल्स सिलिंग त्याआधीच झाले असेल, तर त्याला पाहण्यासारखे काही उरत नाही आणि दोष मात्र आत वाढत राहतो. म्हणून छत उघडे असतानाच त्याची छायाचित्रे काढून, अभियंत्याचे मत लेखी घेऊन मगच गवंड्याला परांची बांधावयास सांगावे.