उरलेली दोन वायसरे

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पाठच असते. संध्याकाळी कॅश जुळवताना शंभर रुपये कमी पडले तर झोप उडते, पण शंभर रुपये जास्त निघाले तरी ती तितकीच उडायला हवी. ‘जास्तच आहेत ना साहेब, मग कशाला घाबरता?’ असे म्हणणाऱ्या कॅशिअरला मी कधी घरी जाऊ दिले नाही. आणि तोच मी, निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, सोयगावच्या आमच्या अंगणात सायकल जोडून झाली तेव्हा फरशीवर उरलेली दोन वायसरे पाहिली, ‘जास्तीची दिलेली दिसतात’ असे म्हणालो आणि बडीशेपच्या रिकाम्या डब्यात टाकून मोकळा झालो.

सायकल म्हणजे माझी जुनीच. पहिल्या पगारातून घेतलेली, अठ्ठावीस इंची, काळी, दांड्यांच्या ब्रेकची. तिला विजेची मोटर बसवायचे डोक्यात आले त्याला कारण माझा उजवा गुडघा आणि माझी अक्का. अक्का चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, जरंडीला राहते. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, दिसते ते सावलीइतके. दर रविवारी मी जायचे, तिच्या ओट्यावर बसून ही पुरवणी तिला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवायची, असा आमचा नेम आहे. (शब्दकोडेसुद्धा. ती सोडवते, मी भरतो.) मागच्या वर्षी स्कूटरवरून घसरलो. फार काही झाले नाही, पण पुण्याहून मुलगा आला आणि जाताना किल्ली खिशात घालून गेला. एसटीच्या वेळा अक्काच्या वेळांशी जुळत नाहीत. नुसत्या पायडलवर गुडघा परवानगी देत नाही. तीन रविवार बुडाले. चौथ्या रविवारी अक्काने शेजारच्या मुलाकरवी फोन लावला आणि विचारले, “भाऊ, पेपर बंद झाला का रे?”

म्हणून किट मागवले. मोटर गुंफलेले पुढचे चाक, कंट्रोलर, अॅक्सिलरेटर, पायडल फिरतेय की नाही हे ओळखणारी चकती, दोन ब्रेकच्या मुठी आणि छत्तीस व्होल्टची बॅटरी. खोके उघडले तेव्हा वाटले, तासाभराचे काम. चार दिवस लागले.

पहिला घोटाळा मापाचा. किटमधले चाक अठ्ठावीस इंचीच होते, पण आमच्या जुन्या अठ्ठावीस इंचीपेक्षा लहान. नाव एक, मापे दोन! टायर जिथे बसतो तिथला रिमचा व्यास जुन्या चाकाचा ६३५ मिलिमीटर आणि नव्याचा ६२२. म्हणजे जुना टायर निकामी, आणि ब्रेकचे गुटकेही अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक वर राहणार. शिवाय गावातला सायकलवाला दांड्यांचे ब्रेक पाहून म्हणाला, “साहेब, हे बैलगाडीच्या वेगाचे ब्रेक आहेत.” तेव्हा तारेचे नवे ब्रेक घेतले. त्यांच्या मुठीत एक बारीक स्विच असतो. ब्रेक दाबला की मोटरची वीज तुटते. हा स्विच वायर जोडायचा कंटाळा म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या सायकलीवर मी बसणार नाही. दुसरी अडचण चिमट्याची. मोटरचा आस जाड, जुन्या चिमट्याची खाच अरुंद. ती कानशीने घासून रुंद केली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लायसनचे काय, हे मला गावात प्रत्येकाने विचारले. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत याची व्याख्या आहे. मोटरची ताकद अडीचशे वॅटच्या आत, वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत, आणि बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत असले, ब्रेक व उजेड परतवणाऱ्या पट्ट्या असल्या, तर ते कायद्याने मोटार वाहनच नव्हे. नोंदणी नको, लायसन नको. हेल्मेट मी घालतो. सोयगावच्या बाजारात त्यावर हसतात, ते हसोत.

पहिला महिना सुखाचा गेला. मोटर आपल्याला ओढत नाही, नुसता पाठीला हात लावते. लहानपणी सायकल शिकवताना कोणी मागून सीट धरायचे, तसे. गुडघ्याला कळायच्या आत जरंडी येई. अक्का सायकलच्या घंटीवरून मला ओळखायची, आता म्हणू लागली, “तुझी सायकल गुणगुणते.”

मग जूनमधला एक रविवार. रात्री पाऊस झालेला. रस्त्यात एक छोटा चढ आहे, त्याच्या पायथ्याशी बैलजोडी आडवी आली म्हणून थांबलो, आणि थांबल्या जागेवरून अॅक्सिलरेटर पूर्ण पिळला. खट्‌ असा आवाज झाला. चाक चिमट्यातून एका बाजूने सुटून तिरपे झाले आणि मी रस्त्याच्या कडेच्या चिखलात. कोपर सोलवटले. वेग नव्हता म्हणून तेवढ्यावर भागले. हाच प्रकार उतारावर झाला असता तर हा लेख दुसऱ्या कोणाला लिहावा लागला असता. मक्याची बियाणे घेऊन जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने मला आणि सायकलला घरी आणून टाकले.

सायकलवाल्याने चाक पाहिले आणि विचारले, “साहेब, दातवाली वायसरे कुठे गेली?”

बडीशेपच्या डब्यात होती.

झाले होते ते असे. साध्या चाकात आस नुसता स्थिर बसलेला असतो, त्याच्यावर वळवण्याचा जोर येत नाही. मोटरच्या चाकात मोटर चाकाला पुढे ढकलते तितक्याच जोराने आसाला उलट पिळते. थांबल्या जागेवरून चढ चढताना हा पीळ सर्वांत जास्त. त्या वायसराला एक वाकडा दात असतो, तो चिमट्याच्या खाचेत अडकतो आणि आसाला फिरू देत नाही. माझ्या सायकलीत दात नव्हता, आणि खाच तर मी स्वतः घासून सैल करून ठेवलेली. आस फिरला, नट सैल झाले, आणि आसातून बाहेर येणाऱ्या वायरी पिळून तुटल्या: तीन जाड, पाच बारीक. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने त्या एकेक करून डाग दिल्या. वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी पट्टी कापून घेतली. तिच्या भोकात आस घट्ट बसतो आणि तिचे दुसरे टोक चिमट्याला आवळलेले असते. आता वायसरेही आहेत आणि पट्टीही. कादंबरी लिहिताना चार पाने उरली तर फाडता येतात, इथे तसे चालत नाही.

मुलाला सांगायचे नाही असे आमचे ठरले होते. बायकोने त्याच संध्याकाळी सांगितले. “बाबा, आता पुण्याला या. तुम्ही दोघेही.” त्याचा स्वर चढा नव्हता, म्हणून जास्त लागला. मी म्हणालो, “तीन महिने दे. दर रविवारी निघण्याआधी तपासणी, वहीत नोंद, तुला त्या पानाचा फोटो. एक रविवार नोंद चुकली की मी सामान बांधतो.” तो ऑडिटला तयार झाला.

वही आहे. आसाचे नट पान्याने आवळून पाहणे, ब्रेकचे गुटके, हवा (मोटरच्या वजनाने पुढचा टायर लवकर बसतो), आरे बोटाने छेडून एका सुरात वाजतात का ते, पावसाळ्यात जोडण्या कोरड्या आहेत का. आसातून निघणारी वायर खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने खाली गळते, मोटरमध्ये शिरत नाही. बॅटरीचे वेगळे पान. तिची साठवण ३६० वॅट-तास, म्हणजे चार्जरची गळती धरून चार दशांश युनिट वीज. तीन ते पाच रुपये. पण बँकवाल्याने विजेच्या बिलावर खूश होऊ नये, खरा खर्च घसाऱ्याचा. अशा बॅटऱ्या साधारण पाचशे ते आठशे पूर्ण भरण्या टिकतात, आणि आमच्याकडचा मे महिना त्यातून आणखी खातो. म्हणून उन्हातून आल्या आल्या चार्जर लावायचा नाही, आधी थंड होऊ द्यायची. आठवडाभर जाणार नसू तर अर्धी भरून सावलीत ठेवायची. ४२ व्होल्टवर भरणे पूर्ण होते, तिथे चार्जर काढून टाकायचा, रात्रभर लावून झोपायचे नाही.

हे वेड नवे नाही. चाकाच्या तुंब्यात मोटर बसवण्याचे पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ सालीच मिळाले. यामाहाने पायडलला हातभार लावणारी सायकल जपानात विकायला आणली ती १९९३ मध्ये. आणि आपल्याकडे, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी पायडल रिक्षा ओढणाऱ्याच्या पायांना विजेची जोड देण्याचा खटाटोप केला तोही १९९०च्या दशकापासूनच. त्या काळी बॅटरी शिशाची. रिक्षेला ते वजन झेपे, सायकलला कठीण होते. राजवंशींना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा अक्काला ती बातमी मीच वाचून दाखवली होती. तेव्हा त्यात आपले काही आहे असे वाटले नव्हते.

वेताळवाडीच्या किल्ल्याजवळून हळद्याकडे चढणारा घाट मात्र मी सोडून दिला आहे. सायकल, बॅटरी आणि मी मिळून शंभर किलो धरले तर दोनशे मीटर चढायला कागदावर ५४ वॅट-तास पुरतात. प्रत्यक्षात मोटर हळू फिरते तेव्हा निम्मी वीज उष्णता होऊन जाते, आणि ती उष्णता चाकाच्या तुंब्यातच कोंडते. किती तापली हे पाहायची सायकलवाल्याची युक्ती सोपी आहे: तळवा ठेवायचा, दहा आकडे मोजता आले तर ठीक, त्याआधी हात उचलावा लागला तर उतरून चालायचे.

गेल्या रविवारी तिसरा महिना भरला. जरंडीला पोचलो तेव्हा अक्का ओट्यावरून उतरून आली, हाताने चाचपत चाकापर्यंत पोचली आणि तुंब्यावर तळवा ठेवून मोजू लागली. दहावर मी म्हटले, “पुरे, अक्का.” ती अठरापर्यंत गेली.

“थंडच आहे,” ती म्हणाली. “बस. आधी कोडे घे, मागच्या वेळचे आडवे सात राहिले आहे.”