मांजरतुळस

माणसे मांजरे पाळतात. मांजरासाठी झाड पाळण्याचा योग मात्र माझ्यासारख्या एखाद्याच्याच पत्रिकेत असावा.

गेल्या वर्षी आषाढात नांदेडला आई गेली. घर रिकामे करताना दोन गोष्टी लातूरला आणल्या : आईची तुळशीची कुंडी आणि तिची म्हातारी मांजरी, मनी. लोहा, अहमदपूर, चाकूर मागे पडले, तरी टोपलीतले ओरडणे थांबले नव्हते. घरी आल्यावर मात्र ती जी गप्प झाली, ती कपाटाखालून बाहेर येईना. दुधाला तोंड लावायचे आणि परत आत. मी म्हणालो, “होईल सवय.” सौभाग्यवती म्हणाली, “अहो, तिला बोलता येत नाही म्हणून दुःख होत नाही की काय?”

पुण्याहून मुलीने बियांची पुडी पाठवली : कॅटनिप. त्याला मी आपला ‘मांजरतुळस’ म्हणू लागलो. नाव अगदीच गैर नाही. तुळस, सब्जा, पुदिना यांच्याच कुळातले हे झाड. १७५३ साली लिनियसने त्याचे लॅटिन नावच मांजरावरून ठेवले. पानात नेपेटालॅक्टोन नावाचे द्रव्य असते. पान चुरगळले की त्याचा वास सुटतो, आणि मांजर लोळते, गाल घासते, दहा-पंधरा मिनिटे देहभान विसरते. डासांना मात्र तो वास सोसत नाही.

वाचकांपैकी कोणाला हौस असेल, तर माझ्या चुकीतून शिकावे. पहिली पेरणी मी भर श्रावणात केली. रोपे मातीलगत कुजली. दुसरी दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर. बी टणक. म्हणून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात आणि मग दिवसभर पाण्यात ठेवले. वाळू मिसळलेल्या मातीत पाव इंच खोल पेरले. बाराव्या दिवशी अंकुर दिसले. पाणी बेताने, तेही भाज्या धुतलेले. २०१६ साली मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आले, तेव्हापासून आमच्या घरात स्वच्छ पाणी कुंडीत ओतायला हात धजत नाही. रोपांवर तारेची जाळी मात्र हवी, नाहीतर मांजर त्यांच्यावरच लोळण घेते.

आमच्याकडे जाळीची गरजच पडली नाही! माघात मी मोठ्या समारंभाने पाने चुरगळून मनीपुढे ठेवली. तिने वास घेतला, माझ्याकडे पाहिले आणि कपाटाखाली निघून गेली. पुढे वाचले, की तीनांतल्या एका मांजराला या वासाचे काहीच वाटत नाही. तो गुण वंशपरंपरेने येतो. वैशाखाच्या उन्हात रोपेही करपली.

यंदा श्रावणात आईच्या कुंडीतले तण उपटत होतो. तुळशीच्या बुडाशी खोकली माजली होती. ही आपल्या मराठवाड्यात पावसाळ्यात कुठेही उगवते. दातेरी पानांची, हिरव्या पेल्यांत दडलेल्या फुलांची. पूर्वी खोकल्यावर देत, म्हणून हे नाव. पण आपल्या मनाने कोणी घेऊ नये, कित्येकांना ती बाधते. एक रोप मुळासकट हातात आले, तोच पायाशी काहीतरी घासले. मनी! तिने मूळ ओढून घेतले, चावले, गाल घासले आणि ओल्या फरशीवर उताणी होऊन लोळू लागली. मांजरतुळशीतल्या द्रव्याचेच एक भावंड खोकलीच्या मुळात असते, हे मला नंतर कळले.

सौभाग्यवती दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, “आई रोज तण काढायच्या, तेव्हा ही शेजारीच बसायची ना?”

मला ते आठवत नव्हते. नांदेडला मी जायचो दोन दिवसांसाठी, आणि तेही उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन.

त्या दिवसापासून मनी कुंडीशेजारी निजते. मी रोज सकाळी तण काढायला बसतो. पण खोकलीची दोन रोपे बी धरण्यासाठी मुद्दाम राखली आहेत.