घरामागची टेकडी कोणाच्या भरवशावर?

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, सकाळी ओट्यापाशी चहा करताना, मागच्या खिडकीतून टेकडीच्या पायथ्याशी चुन्याच्या रेषा दिसल्या. दोन माणसे टेप धरून उभी होती आणि तिसरा लाकडी खुंट्या ठोकत होता. पुण्याच्या कडेच्या या सोसायटीत मी अकरा वर्षे राहते. फ्लॅट घेताना बिल्डरच्या माणसाने याच खिडकीत उभे राहून सांगितले होते, "मॅडम, मागे कधीच काही होणार नाही. ग्रीन झोन आहे." त्या एका वाक्यासाठी आम्ही चौरस फुटामागे थोडे जास्तच पैसे मोजले होते.

त्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तीन मते पडली. एक म्हणे ती जमीन वनखात्याची, दुसरा म्हणे बागेसाठी राखीव, तिसरा म्हणे कुणा शेतकऱ्याची खाजगी. मी बँकेतून निवृत्त झालेली, कागद वाचायची सवय असलेली. शोधायचे काम माझ्याकडे आले. पुढच्या दहा महिन्यांत जे हाती लागले ते इथे क्रमाने मांडते आहे, कारण शहराच्या कडेला राहणाऱ्या कोणालाही हाच शोध कधी ना कधी घ्यावा लागतो.

आधी जमीन कोणती ते ठरवा

'घरामागची जमीन' असा शब्द सरकारी दप्तरात नाही. तिथे फक्त गट नंबर किंवा सर्व्हे नंबर असतो. म्हणून पहिले काम गावनकाशा मिळवण्याचे. तो आता भूमी अभिलेख विभागाच्या महाभूनकाशावर पाहता येतो. आमच्या सोसायटीचा गट नंबर खरेदीखतात होताच. तो नकाशावर शोधला आणि त्याला लागून असलेले नंबर टिपले. जिथे गट एकत्रीकरण झाले आहे, तिथे जुने सर्व्हे नंबर बदललेले असतात. जुन्या आदेशांत आणि वनखात्याच्या कागदांत मात्र जुनेच नंबर राहतात. त्यामुळे उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता मागून घ्यावा. हे न करता पुढे गेल्यास दुसऱ्याच्याच जमिनीची चौकशी होते.

नकाशा पाहिला आणि पहिला धक्का बसला. खिडकीतून दिसणारी ती एक टेकडी कागदावर तीन तुकड्यांत होती. माथा एका नंबरात, मधला उतार दुसऱ्यात आणि पायथ्याची सपाट पट्टी तिसऱ्यात.

सातबारा काय सांगतो आणि काय सांगत नाही

तिन्ही नंबरांचे सातबारा काढले. गाव नमुना ७ मध्ये मालकी, भोगवट्याचा वर्ग आणि 'इतर अधिकार' दिसतात, तर नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. इतर अधिकाराचा रकाना नीट वाचावा. बँकेचा बोजा, कुळाचे हक्क, वनाची नोंद, संपादनाची नोंद हे सगळे तिथेच सापडते. नोंदीपुढे फेरफार क्रमांक असेल, तर तो फेरफारही काढावा, म्हणजे ती नोंद कोणत्या आदेशाने झाली ते कळते.

पण सातबारा जमीन कोणाची एवढेच सांगतो. तिथे काय बांधता येईल हे तो सांगत नाही. सातबाऱ्यावर 'जिरायत' आहे म्हणून इमारत होणार नाही, असे समजणारे पुष्कळ भेटले. गायरानाबद्दलही असाच समज असतो. सार्वजनिक वापराच्या जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात कडक निर्देश दिले हे खरे, पण सरकार स्वतः गायरान सार्वजनिक कामासाठी देऊ शकते.

माथा : वनखात्याचा

माथ्याच्या सातबाऱ्यावर वनाची नोंद होती. तलाठी कार्यालयातल्या गाव नमुना १-अ या वन जमिनीच्या नोंदवहीतही तो नंबर सापडला. मग वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन राखीव वनाची अधिसूचना पाहिली. भारतीय वन अधिनियम १९२७ मधल्या कलम ४ खालची अधिसूचना म्हणजे नुसता इरादा, तर कलम २० खालची अधिसूचना म्हणजे पक्के राखीव वन. हा फरक विचारून घ्यावा. माथ्यावरचे हद्दीचे दगडी बुरूजही एका रविवारी चढून पाहिले.

वन संवर्धन अधिनियम १९८० पासून अशी जमीन वनेतर कामासाठी वापरायला केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. आपल्याकडे जमिनीला मिळणाऱ्या संरक्षणांपैकी हे बरेच बळकट. तरीही ते अभेद्य नाही. रस्ते, वीजवाहिन्या, खाणी यांसाठी अशा मंजुऱ्या मिळतच असतात.

वनाची नोंद खाजगी जमिनीवरही असू शकते. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ रोजी लागू झाला आणि खाजगी वने सरकारजमा झाली. मुलुंडमध्ये १९५० च्या दशकातल्या जुन्या नोटिशींच्या आधारे दशकांनंतर ही नोंद पुढे आली. तोवर तिथे इमारती उभ्या होत्या आणि लोक राहत होते. अखेर जानेवारी २०१४ मध्ये गोदरेज अँड बॉइस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नुसती नोटीस निघाली म्हणून जमीन खाजगी वन ठरत नाही, असा निकाल दिला. नोंद असली तरी तिच्यामागचा आदेश तपासावा लागतो, हा त्यातला धडा.

उतार : विकास आराखड्याचा

मधला उतार खाजगी मालकीचा निघाला. तिथे काय बांधता येईल हे ठरवतो विकास आराखडा. त्याचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ हा आहे. त्यासाठी नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करून दोन कागद घ्यावेत, झोन दाखला आणि भाग नकाशा. झोन दाखल्यात त्या नंबरावर कोणता विभाग, कोणते आरक्षण आणि कोणता नियोजित रस्ता आहे ते लिहिलेले असते. तोंडी उत्तरावर किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या रंगीत नकाशावर विसंबू नये.

'ग्रीन झोन' या शब्दाचा उलगडाही इथेच झाला. बोलीत लोक शेती विभागाला ग्रीन झोन म्हणतात. शेती विभागात फार्महाऊससह बऱ्याच वापरांना परवानगी असते आणि तो विभाग पुढे रहिवासी होऊ शकतो. हिरवा रंग म्हणजे झाडे राखली जातील, असे आराखडा कुठेही म्हणत नाही.

आमचा उतार मात्र डोंगरमाथा-डोंगरउतार विभागात होता. शिवाय एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर, म्हणजे आडव्या पाच मीटरला एक मीटर किंवा जास्त चढ असेल तिथे, तोडणे, भरणे, सपाट करणे याला विकास नियमावली परवानगी देत नाही. म्हणून अनेक ठिकाणी आधी रात्रीच्या वेळी डंपर येतात, उतार हळूहळू बोथट होतो आणि मग मोजणी होते. आम्ही उताराचे तारखेसह फोटो काढून ठेवले.

पुण्यात १९९७ साली समाविष्ट झालेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण आहे. सरकारने २०१५ मध्ये त्याला मंजुरी दिली आणि मालकांना ८ टक्के टीडीआर देऊ केला. मोबदला पुरेसा की अपुरा हा वाद तेव्हापासून चालू आहे. आराखड्यातला विभाग कलम ३७ खाली फेरबदल करून बदलताही येतो. त्याआधी जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात असते. आमच्या सोसायटीत आता एक जण रोज तेवढेच पान वाचतो.

पायथा : दहा वर्षे आणि चोवीस महिने

चुन्याच्या रेषा पायथ्याच्या पट्टीवर होत्या. झोन दाखल्यात तिथे 'उद्यान' असे आरक्षण होते. वाचून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो चुकला.

आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. जमीन मालकाचीच राहते, ती कधीतरी घेऊ एवढेच प्राधिकरण म्हणत असते. त्याला मुदत आहे. कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपते. ही मुदत पूर्वी १२ महिन्यांची होती, २०१५ मध्ये ती वाढवली.

माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज केला आणि एकच प्रश्न विचारला : या आरक्षणावर कलम १२७ ची नोटीस आली आहे का? तीस दिवसांच्या आत उत्तर आले. नोटीस आली होती. तिला चौदा महिने झाले होते.

मालक शेजारच्या जुन्या गावठाणात राहतात. गाव त्यांना आप्पा म्हणते. भांडायच्या तयारीने गेले होते. आप्पांनी चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, त्या जमिनीवर बँक कर्ज देत नाही, गिऱ्हाईक येत नाही आणि सरकार पैसे देत नाही. तुमची बाग आमच्याच खिशातून होणार का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. कायद्यात कलम १२७ आहे ते अशाच माणसांसाठी.

त्या कलमात आणखी एक वाक्य आहे. आरक्षण संपल्यावर लगतच्या जमिनीवर जे बांधता येते ते त्या जमिनीवरही बांधता येते. आप्पांच्या पट्टीला लगतची जमीन म्हणजे आमची सोसायटी, सात मजली, रहिवासी विभागातली.

मग विचारायचे काय?

'मागची जमीन संरक्षित आहे का?' हा प्रश्नच अपुरा आहे, असे मला आता वाटते. त्याऐवजी प्रत्येक नंबरासाठी तीन प्रश्न विचारावेत. संरक्षण कोणत्या कायद्याने? ते कोण काढू शकते? आणि त्याला मुदत आहे का? आमच्या एकाच टेकडीला तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. माथ्याला केंद्राची मंजुरी लागते, उताराला फेरबदलाची सूचना, आणि पायथ्याला तर नुसते दिवस सरले तरी पुरते.

आम्ही प्राधिकरणाला निवेदन दिले. कलम १२६ प्रमाणे आरक्षित जमीन रोख मोबदल्याऐवजी टीडीआर देऊनही घेता येते. आप्पा त्याला तयार आहेत आणि आमच्या निवेदनावर त्यांनीही सही केली आहे. प्रस्ताव टेबलावर आहे. हा लेख लिहिताना नोटिशीचे अडीच महिने उरले आहेत. अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ते काही दिवसांवर आले असतील. खुंट्या अजून तिथेच आहेत. यंदाच्या पावसात त्यांच्या भोवती गवत कमरेइतके वाढले आहे.